पाच कलमांचं गाऱ्हाणं

तुमची आई पाच वर्षांची होती तेव्हा तिने आमच्या परसात स्वतःची विहीर खणायला घेतली. घरची विहीर होती, चांगल्या पाण्याची, मे महिन्यातही न आटणारी. पण ती तुमच्या खापरपणजोबांनी खणलेली, म्हणजे ती 'तेंची'. हिला आपली वेगळी हवी होती. शाळेतून आली की दप्तर पडवीत टाकून ती करवंटी आणि एक वाकलेला कालथा घेऊन खणायला बसायची, ती दिवेलागणीपर्यंत. मी समजावलं, मग ओरडले, मग कालथा लपवला. तेव्हा तिने हातांनी खणलं. तीन आठवड्यांनी विहीर गुडघ्याइतकी खोल झाली. त्या दिवशी तुमचा मामा, वय वर्षं अडीच, तिच्यात पडला, आणि बाहेर काढल्यावर पुन्हा पडायचं म्हणून तासभर रडला.

हे मी वहीत बघून लिहिते आहे. मला पहिल्यापासून वही ठेवायची सवय. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला रोज पाच ओळी इंग्रजीत लिहाव्या लागत, ती सवय लग्नानंतरही सुटली नाही. १९९९ सालची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे आणि तिच्यात तुमच्या आईबद्दल जेवढं आहे, त्याहून जास्त शेजारच्या बाईबद्दल आहे. हे तुम्हाला विचित्र वाटेल. मलाही आता वाटतं.

परवा तुमची आई फोनवर सांगत होती की तिकडच्या वाचनालयात गोष्टीच्या तासाला बाकीची मुलं मांडी घालून बसतात आणि तुम्ही दोघं टेबलाखाली शिरून भुंकता. सांगता सांगता ती म्हणाली, "आई, बाकीच्या बायका कसं करतात गं?" तो आवाज मी ओळखला. म्हणून वही काढली. तुम्हाला मराठी नीट वाचता येईल तेव्हा हे वाचा.

तुमचे आजोबा तेव्हा जहाजावर असत. आठ महिने बाहेर, चार महिने घरी. घरात मी, सासूबाई आणि ही दोन मुलं. मालवणपासून बसने अर्ध्या तासावर आमचं गाव. पुढे खाडी, मागे नारळ. मी वाडीतल्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घ्यायचे, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणत. दुसऱ्यांची तीस मुलं माझ्यासमोर ओळीने बसून पाढ्यांसारखी स्पेलिंगं म्हणत. माझी स्वतःची मुलगी त्याच वेळी फणसावर चढून वरून त्यांना हसत असे.

माझ्या भावाने मला मुलांना वळण कसं लावावं याचं एक इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. त्यात पाहून मी एक तक्ता केला. डावीकडे कामं: वेळेवर उठणे, वेणी घालू देणे, ताटातलं संपवणे, ताट उचलणे. वर तारखा. जे काम केलं त्यापुढे चांदीच्या कागदाचा एक तारा. तक्ता मी पडवीच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात तुमच्या आईने कात्री घेऊन सगळे तारे कापले आणि महिनाभराच्या सगळ्या चौकोनांत चिकटवून टाकले. मी उठले तेव्हा ती हात झाडत म्हणाली, "झाला. आता महिनोभर माका काय सांगूचा नाय."

सासूबाई हसून हसून बेजार झाल्या. "बापूस असोच होतो गो तिचो," म्हणाल्या. मला हसू आलं नाही, कारण गडग्यापलीकडून शेजारीण बघत होती.

गडगा म्हणजे आमच्या आणि त्यांच्या परसामधली जांभ्या दगडांची कमरेएवढी भिंत. पलीकडे ती, तिचा नवरा, म्हातारा सासरा आणि तीन मुलं. नवरा देवबागच्या एका बोटीवर जायचा. ती पहाटे पाटी डोक्यावर घेऊन मासे आणायला बाहेर पडायची, मालवणच्या बाजारात बसायची आणि दुपार उलटल्यावर परत यायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. शाळा चौथीपर्यंत. आणि तिची मुलं!

मोठी मुलगी सात वर्षांची. आई गेली की ती खळं, म्हणजे पुढचं अंगण, झाडायची, धाकट्या दोघांना अंघोळ घालायची, चुलीवर झाकून ठेवलेली पेज वाढायची. दोघे मुलगे ओळीत बसून भुरके मारत पेज प्यायचे, बरोबर सुक्या मासळीचा तुकडा, आणि ताटल्या स्वतः धुवून पालथ्या घालायचे. धाकटा तर जेमतेम चार वर्षांचा. आई घरी असली तरी तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. मुलं दंगा करू लागली की ती नुसती मान वर करून बघायची. बघायची आणि पुन्हा मासळी साफ करायला लागायची. मुलं गप्प. काही नीट केलं की नुसती एकदा मान हलवायची.

मी हे रोज बघत होते. चुलीपुढच्या खिडकीतून बघायचे, कपडे वाळत घालताना बघायचे, आणि काही कारण नसलं तर फणसाच्या आड उभी राहून बघायचे. वहीत लिहून ठेवायचे. 'आज ७.१० ला तिघांची अंघोळ झाली. आपल्याकडे ८.३० पर्यंत एकाची.' 'धाकटा पडला. रडला नाही. तिने विचारलंही नाही.' माझ्याकडे पुस्तक होतं, तक्ता होता, घड्याळ होतं, घरात दिवसभर हजर असलेली आई होती. तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. याचा मला इतका राग यायचा की कधी कधी तिने आणलेले ताजे बांगडे घेतानाही मी तिच्याकडे नीट पाहत नसे. कल्ले वर करून लाल आहेत का बघायचे, ती म्हणायची, "वयनी, तुमका शिळे दितलंय काय मी?" आणि मला आणखी राग यायचा.

मी तिची नक्कलही केली. आठ दिवस पेज करून पाहिली. तुमच्या आईने त्या पेजेत बोट घालून विचारलं, "ह्या कोणाक बरा नाय?" मग मी तिच्यासारखं बघून पाहिलं. आवाज न करता, मान वर करून. तुमची आई माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "आई, तुझ्या डोळ्यात काय गेला?"

यात सर्वात वाईट गोष्ट मी वहीतही उशिरा लिहिली. तुमची आई शेजारी गेली की तिथे ऐकायची. एकदा ती गडग्यावर चढली असताना शेजारीण पाटी धुताधुता म्हणाली, "खाली उतर गो बाय, दगड सुटलेले आसत." आणि ही उतरली. गुपचूप. याच गडग्यावरून खाली ये म्हणून मी त्याच आठवड्यात दोनदा घसा कोरडा केला होता.

त्या वर्षी मार्गशीर्षात ग्रामदेवतेच्या जत्रेला मी ठरवलं की गाऱ्हाणं घालायचं.

तुम्ही गाऱ्हाणं पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. देवळात मानकरी नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहतो आणि मोठ्या आवाजात तुमच्या वतीने देवाला विनवणी करतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'रे म्हाराजा' म्हणतो, आणि जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा देतात. म्हणजे तुमचं मागणं एकट्याचं राहत नाही, सगळ्या गावाचं होतं. पण बोलताना मानकरी सगळं झाकून बोलतो. 'जा काय कमीजास्त असात', 'जी काय पिडा असात' असं. कोणाच्या घरात काय शिजतं ते त्याला माहीत असतं, देवाला माहीत असतं, गर्दीला अर्धंमुर्धं माहीत असतं, आणि कोणीच नाव घेत नाही. आपण फक्त त्याच्या कानात एक-दोन शब्द सांगायचे. बाकी तो सांभाळून घेतो.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दहा वर्षं मी ही गाऱ्हाणी ऐकत होते. पण मला वाटायचं, इतकं मोघम मागितलं तर देव तरी नेमकं काय देणार? म्हणून मी आदल्या दिवशी फुलस्केप कागदावर, समास आखून, स्वच्छ अक्षरात माझं मागणं लिहून काढलं. आकडे घालून. पाच मुद्दे झाले. तो कागद मी नारळासोबत मानकऱ्यांच्या हातात दिला.

आमचे मानकरी निवृत्त तलाठी होते. उभा जन्म कागद वाचण्यात गेलेला. चष्मा लावून त्यांनी माझा कागद आधी मनात वाचला, भुवया उंचावल्या आणि हळूच विचारलं, "सूनबाय, ह्या सगळा सांगूचा?"

मी म्हटलं, "हो. जसं आहे तसं."

गर्दी बरीच होती. सासूबाई बायकांत पुढे बसलेल्या. मामा त्यांच्या मांडीवर. तुमची आई माझं बोट सोडून खांबाला टेकून उभी, नवा परकर नेसलेली, हातात खाजाची, म्हणजे गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्यांची, पुडी. आणि पलीकडच्या खांबापाशी शेजारीण, तिची तिन्ही मुलं हात जोडून तिच्यापुढे ओळीने.

मानकऱ्यांनी आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज आमची ही सूनबाय तुझ्या पायाकडे इली आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचा गाऱ्हाणा कागदार लिवलेला आसा, त्याची पाच कलमां आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"कलम पयला. तिच्या चेडवाचो जो काय हट्ट आसा, तो कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कलम दुसरा. चेडू येळेर जेवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कलम तिसरा. चेडवान परसात जी काय बाव खणूक घेतल्यान हा, ती थांबव रे म्हाराजा!"

चेडू म्हणजे मुलगी आणि बाव म्हणजे विहीर. आता हसणं लपेना. पुरुषांच्या बाजूने एक जण ओरडला, "पाणी लागला काय ता इचार म्हाराजा!" मानकऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मी तुमच्या आईकडे पाहिलं. ती खाजं चावायची थांबली होती.

चौथं कलम मामाचं. त्याने बहिणीचं पाहून तसं करू नये. त्यालाही गावाने होकार दिला.

"कलम पाचवा. ही दोनव पोरां शेजारच्या पोरांसारखी, थोरल्या चेडवासारखी, आवशीच्या आज्ञेत र्‍हवांदेत रे म्हाराजा!"

गावाने तोंड उघडलं. 'व्हय' बाहेर पडायच्या आधीच खांबापाशी एक बारीक आवाज फुटला:

"नाय म्हाराजा!"

तुमची आई पुढे आली होती. तिच्या हनुवटीला खाजाचा गूळ लागलेला. तिने मानकऱ्यांकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि परत म्हणाली, "नाय म्हाराजा."

मग जो हशा उसळला तो मला आजही ऐकू येतो. मानकरी मात्र हसले नाहीत. त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. सगळं गाव व्हय म्हणतं आणि जिच्याबद्दल गाऱ्हाणं ती नाय म्हणते, तर हे गाऱ्हाणं लागू झालं की नाही? त्यांनी माझ्या कागदाची घडी घातली आणि देवापुढे नारळाखाली ठेवली. "देव सवडीन वाचात," म्हणाले.

मी शेजारणीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिने मोठ्या मुलीला पदराखाली ओढलं होतं आणि तिथूनच ती प्रसाद न घेता बाहेर पडली.

वाटेत सासूबाईंनी मला फैलावर घेतलं. "आपल्या पोरांचा काय ता सांग देवाक. दुसऱ्याच्या पोरीचा गुण असो भर देवळात कित्याक काढलंस? सगळ्यांनी तिच्याकडे वळान बघल्यानी. दिष्ट लागात तिका! आवशीचा काळीज कसा झाला असात?" मला खरं म्हणजे दृष्टीची काळजी नव्हती. माझा हेवा आता पाचव्या कलमात लिहून सगळ्या गावाला वाचून दाखवला गेला होता, याची लाज वाटत होती.

तुमची आई माझ्याहून दहा पावलं पुढे चालत होती. एकदम थांबून तिने विचारलं, "तुका ती व्हयी?" म्हणजे, तुला ती शेजारची मुलगी हवी?

"गप्प चल," मी म्हटलं.

आता वाटतं, तिथे दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नऊ वाजून वीस मिनिटांनी (वहीत आहे) मागच्या दाराशी शेजारणीची मोठी मुलगी येऊन उभी राहिली. हातात घडी केलेला फ्रॉक आणि कंगवा.

"बाई, तिना सांगल्यान माका हय र्‍हवाक. ती आमच्याकडे र्‍हवतली."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या हिणा. म्हणाली, देवळात ठरला ता. बदली."

मी गडग्याकडे गेले. पलीकडे तुमची आई शेजारणीचं खळं झाडत होती. तिची उशी आणि शाळेचं दप्तर पडवीत रांगेने ठेवलेलं. म्हातारा सासरा जाळं दुरुस्त करत बसलेला, त्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले. "मोठा चेडू मी आता," तुमची आई मला म्हणाली, "तू जा घराक." आणि झाडूचा एक फटकारा माझ्या दिशेने.

शेजारीण बाजारातून यायला अजून पाच-सहा तास होते. मी हात धरून हिला ओढून आणू शकले असते. मग का नाही आणलं? तुम्हाला खरं सांगते. घरात ती दुसरी मुलगी उभी होती, सांगितलं ते करायला तयार. मला ती एक दिवस हवी होती.

मी तिला पाटावर बसवलं आणि तेल लावून वेणी घातली. दोन वेण्या, लाल रिबिनी, मधला भांग पट्टीने आखल्यासारखा. तिने डोकं एकदाही हलवलं नाही. मी तिला भात, वालीची भाजी आणि माशाची कढी वाढली. ताटात शीत उरलं नाही. ताट तिने उचललं, धुतलं. मी इंग्रजीची दहा स्पेलिंगं दिली, तिने दहाही पाठ केली. मामा दाराशी लोळण घेऊन बहिणीच्या नावाने रडत होता, तर तिने त्याला कडेवर घेतलं आणि तो गप्प झाला. माझ्या कडेवर तो कधी गप्प झाला नव्हता. सासूबाई सगळं बघत होत्या. "बरा वाटता मा?" त्यांनी विचारलं.

बरं वाटत होतं. वहीत मी तेव्हाच लिहिलं आहे, 'फार सोपं.'

फक्त दर थोड्या वेळाने ती विचारायची, "बाई, आता काय करू?" मी काहीतरी सांगायचे. ती करायची आणि पुन्हा येऊन उभी राहायची. "बाई, आता?" दुपारपर्यंत माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. मी तिला म्हटलं, जा, खेळ. तिने विचारलं, "काय खेळू?"

आणि सारखे माझे पाय गडग्याकडे वळत होते. तुमची आई जेवली का बघायला. ती ओळीत बसून पेज पीत होती, दोन्ही मुलग्यांच्या मधे. माझ्या पेजेत तिने बोट घातलं होतं. इथे ती ताटली तोंडाला लावून पीत होती. मग ती धाकट्याचं नाक पुसताना दिसली. मग दोरीवरचे कपडे काढताना. घरी तिने स्वतःचा रुमालही कधी उचलला नव्हता. प्रत्येक वेळी मी परत येऊन पाणी प्यायचे.

तीनच्या सुमाराला शेजारीण रिकामी पाटी घेऊन आली. सासऱ्याने तिला काय झालं ते सांगितलं. मी तिच्या मुलीला घेऊन गडग्याला वळसा घालून तिच्या खळ्यात गेले. मनात एक वाक्य तयार होतं, कालच्याबद्दल माफीचं. ते म्हणायच्या आधीच तिने मुलीच्या रिबिनी पाहिल्या, तिच्या कपाळावरून हात फिरवून ताप आहे का पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"वयनी, काल माझ्या चेडवाक तुमी देवळात काढलात. माका झोप नाय रातभर."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकला ता सोडा. पण एक सांगतंय. माझ्या चेडवान आयकला नाय तर माझी पाटी बाजारात जावची नाय. ह्या दोघांका कोण बघतला? म्हणान ता आयकता. तुमच्या चेडवान आयकला नाय तर काय होता? येणी घालूची र्‍हवता, एवढाच मा?"

ती भांडत नव्हती. दमलेली होती, पाटीतलं पाणी तिच्या मानेवरून ओघळून वाळलं होतं. ती म्हणाली ते अगदी खरं होतं. मला ते तिथेच कळलं. माझ्या तक्त्यात, पुस्तकात, वहीतल्या सगळ्या पानांत हे एक वाक्य नव्हतं. आणि तरी ते ऐकताना माझं अर्धं लक्ष दुसरीकडे होतं. तुमची आई तिच्या मागे उभी राहून तिच्या लुगड्याचा ओचा धरून होती. घट्ट, मुठीत. माझा पदर तिने दोन वर्षांत धरला नव्हता. त्या मुठीकडे बघून माझ्या मनात जे आलं त्याला हेवा म्हणणंही कमीच होईल.

"चल घरी," मी म्हटलं.

"नाय."

शेजारणीने खाली पाहिलं. "जा गो बाय, आवस न्हेवक इली."

या वेळी तिने शेजारणीचंही ऐकलं नाही. माझ्याकडे बघत तिने विचारलं, "तुका ती बरी वाटली?"

माझ्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण तिला खोटं चालत नसे. खोटं बोललं की ती आठवडाभर त्याचा सूड घ्यायची.

"हो," मी म्हटलं. "बरी वाटली."

"सगळा जेवली?"

"सगळं."

"येणी घालूक दिल्यान?"

"दिली. दोन."

"मगे ठेव तिका," ती म्हणाली. दुसऱ्या मुलीने घाबरून आपल्या आईकडे पाहिलं, खरंच ठेवतात की काय.

पुस्तकात अशा वेळी मुलाच्या उंचीला वाकून त्याच्या डोळ्यांत पाहून बोलावं असं होतं. मी वाकले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "मी दिवसभर गडग्यापाशी येत होते. तू जेवलीस का ते बघायला."

"किती येळा?"

"नऊ वेळा."

मोजलं होतं. मी सगळंच मोजायचे.

तिने ओचा सोडला आणि बोटं मोजली. एक बोट मिटून दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "इतक्या?"

"इतक्या."

"माका तीनच येळा दिसलंस."

"बाकीच्या वेळी फणसामागे होते."

शेजारणीने तोंडाला पदर लावला. हसली की काय, मला कळलं नाही. मी तुमच्या आईकडेच बघत होते. ती बराच वेळ फणसाकडे पाहत राहिली, तिथून इथलं काय काय दिसू शकतं याचा अंदाज घेत असल्यासारखी. मग तिने दप्तर पाठीला लावलं, उशी काखेत धरली.

मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. "थांब," म्हणाली. उशी पुन्हा खाली ठेवली, चुलीपाशी गेली, दुपारची आपली ताटली उचलली, राख लावून घासली, पाण्याने दोनदा विसळली आणि बाकीच्यांच्या ओळीत पालथी घातली. शेजारणीने मान हलवली, तिच्या स्वतःच्या मुलांसाठी हलवायची तशीच. तुमची आई खुलली. मग ती आली आणि माझ्या पुढे पुढे घराकडे चालू लागली. मी मागून चालत होते आणि विचार करत होते की ती मान मला हलवता यायला हवी होती.